वीज गेली की आधी पाणी

वीज दीर्घकाळ जाणे म्हणजे अंधार, ही सर्वसाधारण समजूत दिल्लीतील करोल बागेच्या दाट वस्तीत संसार केलेल्या माणसाच्या अनुभवाला उतरत नाही. कारण येथे नळाचे पाणी जेमतेम तळमजल्यापर्यंत चढते, तेथून ते गच्चीवरील टाकीत नेण्याचे काम घरोघरची मोटर करते, आणि त्यामुळे वीज गेल्यावर दिव्यावाचून जेवढे अडते त्याहून कितीतरी अधिक पाण्यावाचून अडते.

याची प्रचीती २०१२ सालच्या जुलैअखेरीस आली. ३० तारखेच्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे बंद पडली आणि तिच्यापाठोपाठ उत्तर भारताचे सारे विद्युत्-जाल कोसळले. पुरवठा पूर्ववत् होऊन लोक निर्धास्त होतात न होतात तोच ३१ तारखेच्या दुपारी एकच्या सुमारास उत्तरेबरोबर पूर्वेचे व ईशान्येचे जालही गेले, आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशात आगगाड्या खोळंबल्या. केंद्रीय ऊर्जाखाते सांभाळणारे सुशीलकुमार शिंदे त्याच दिवशी गृहमंत्री झाले, यावर आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींत चर्चा पुष्कळ झाली. परंतु चर्चेने टाकी भरत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी पाण्याची वेळ आली तेव्हा नळाला बारीक धार होती, मोटर मात्र मुकी होती. फाळणीनंतर या वस्तीत आलेल्या, वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बीजींनी जिन्यातून हाका मारून प्रत्येक घरची बादली तळमजल्यावर आणवली, आणि पिण्याचे पाणी आधी, वापरायचे मागाहून, असा हुकूमच सोडला. तीच शिस्त मी सर्वांना सांगेन: पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी झाकणाची निराळी भांडी नेहमी भरलेली असावीत, टाकीतील शिल्लक गच्चीवर जाऊन पाहावी, आणि शौचालयाच्या टाकीत ते पाणी उधळू नये.

दुसरी बाब इन्व्हर्टरची. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-तास देते. परंतु घट वजा जाता, दोन पंखे व दोन ट्यूब लावल्यास पाच तासांच्या आसपास तिचा दम सरतो. म्हणून सारे कुटुंब एका खोलीत निजावे, दिवसा पंखा शक्य तेवढा बंद ठेवावा आणि भ्रमणध्वनीचे चार्जिंग आरंभीच उरकून घ्यावे. फ्रीज न उघडल्यास सुमारे चार तास थंड राहतो. दिल्लीच्या उकाड्यात इन्सुलिन त्यापुढे टिकवायचे तर कुपी पाणी न शिरेल अशा पिशवीत घालून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवावी.

तिसरी बाब जिवावरची आहे. अजमल खान रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वीज जाताच दुकानांची जनित्रे धडधडू लागतात. आमच्या शेजारच्या इमारतीत एका दुकानदाराने पावसाच्या भीतीने आपले जनित्र जिन्याखाली आणले, आणि थोड्याच वेळात वरच्या बिऱ्हाडांतील माणसांची डोकी दुखू लागून त्यांना मळमळू लागले. सर्वांना रस्त्यावर उतरवून यंत्र बंद करवले, म्हणून निभावले. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तेव्हा जनित्र मोकळ्या हवेतच, खिडक्यांपासून दूर चालवावे, याबाबतीत शेजारधर्माची भीड बाळगू नये.

वीज परत येण्याचा क्षणही बंदोबस्ताचा असतो. फ्रीज, वातानुकूलन यंत्र आणि मोटर यांची बटणे आधीच बंद करून एकच दिवा चालू ठेवावा; तो काही मिनिटे स्थिर जळला, म्हणजे एकेक यंत्र लावावे, आणि त्यांत पहिला मान मोटरीचा, मात्र नळाला पाणी असेल तरच.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जालही उर्वरित देशाशी जोडले गेले. देशाच्या विजेची तजवीज अशी दूरवरून होते, त्यात गृहस्थाचा हात नाही. पाण्याच्या दोन कळशांची तजवीज मात्र सर्वस्वी त्याच्या हातची आहे, आणि ती वीज असतानाच करावी लागते.