वळीव आणि मृग : उन्हाळ्याच्या अखेरीचा एक निरीक्षणपाठ

प्राथमिक शाळांतील निसर्गपाठ बहुधा पावसाळ्यातील पिके आणि हिवाळ्यातील पाहुणे पक्षी यांभोवती गुंफले जातात. वैशाखाची अखेर आणि ज्येष्ठाचा आरंभ हा काळ सुटीत येतो, म्हणून तो पाठ्यक्रमातून जणू गळूनच पडतो. वास्तविक मुलांच्या घरी ज्या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा चालते तो प्रश्न याच दिवसांतला असतो : पडला तो पाऊस वळवाचा की मृगाचा? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर घरातील बियाणे मातीत जाते. तेव्हा सुटी लागण्यापूर्वी शिक्षकांनी हा पाठ समजावून द्यावा आणि मुलांनी तो आपापल्या परसात पुरा करावा, ही योजना उपयुक्त ठरेल.

पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगडाकडे जाताना शेतात एकाकी उभी असलेली कौलारू घरे दिसतात. पुढे ओटा, मागे परस, एका अंगास विहीर, विहिरीवर वाकलेली बाभूळ किंवा शिंदी. असे एखादे घर या पाठासाठी पुरेसे आहे. शहरातील मुलांना पर्वती किंवा वेताळ टेकडीचा उतारही चालेल.

प्रथम हवा पाहावी. पुण्यात सर्वांत तापणारा महिना मे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु दिवसाच्या तापमानाची सरासरी एप्रिलमध्ये अधिक असते. मे सरत येतो तसा दिवस किंचित उतरतो आणि रात्र मात्र चढते. याचे कारण बाष्प होय. पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडून येणारी हवा दमट होऊ लागते, आणि दमट हवा रात्री जमिनीची उष्णता सहजासहजी निसटू देत नाही. आजीबाई ओट्यावर अंथरूण टाकताना ‘आता उकडतंय’ म्हणतात, ‘तापतंय’ म्हणत नाहीत. या दोन क्रियापदांतील भेद मुलांस समजला म्हणजे आर्द्रतेचा निम्मा पाठ झालाच.

वळवाचा पाऊस दुपारच्या तापातून जन्मतो. सकाळ स्वच्छ असते. दुपारनंतर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उंच चढतात, तळाशी काळवंडतात, धुळीचा लोट उठतो, वारा दिशा बदलतो, वीज कडाडते, टपोरे थेंब आणि क्वचित गारा पडतात. तासाभरात सारे आटोपते. एका शिवारात पाणी वाहते, तर शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. मोसमी पावसाची चाल निराळी. ढग पश्चिमेकडून खालून सरकत येतात, त्यांना शिखरे दिसत नाहीत; वारा एकाच दिशेने दिवसरात्र वाहतो; पाऊस सकाळीही पडतो, रात्रीही भुरभुरतो; दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील अंतर कमी होते. अंगणात बांबूस बांधलेली एक चिंधी आणि वहीचे एक पान एवढ्या साधनांवर मुलांना हा फरक टिपता येतो.

आता परसाकडे वळावे. वरवर पाहता तेथे काहीच चाललेले नसते. मोगरा तेवढा बहरलेला असतो आणि मोरीच्या पाण्यावर अळू कसेबसे तग धरून असते. पण कोपऱ्यात ठेवलेली हळद व आले यांचे गड्डे पाहिले तर पाण्याचा थेंब न मिळताही त्यांच्या डोळ्यांना कोंब फुटू लागलेले दिसतात. बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात. बहावा फुलल्यापासून अमुक दिवसांनी पाऊस येतो, असा एक लोकप्रिय ठोकताळा आहे. मुलांना एकाच टेकडीवरील चार बहावे पाहण्यास सांगावे. ते एकाच दिवशी फुलत नाहीत असे आढळेल. मग दिवस मोजावयाचे ते कोणत्या झाडापासून?

पक्ष्यांविषयीचे ठोकताळेही असेच तपासून पाहण्याजोगे आहेत. कावळ्याने घरटे झाडाच्या मध्यावर बांधले तर पाऊस चांगला, शेंड्यावर बांधले तर कमी, असे जुने लोक सांगतात. कावळ्याच्या शकुनांचा विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे. टिटवीची गोष्ट अधिक मौजेची. ती घरटे असे बांधतच नाही. नांगरटीत किंवा माळावर खड्यांमध्ये उघड्यावरच अंडी घालते. भर उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. काही गावांत तिच्या अंड्यांच्या संख्येवरून पावसाचे महिने सांगतात. टिटवी बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे हे भाकीत दर वर्षी चार महिन्यांचेच निघते आणि सांगणाराही सहसा खोटा पडत नाही. (अंड्यांस हात लावू नये, दुरूनच पाहावे, हे मुलांना बजावून सांगणे अगत्याचे आहे.)

पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक शेतकऱ्याच्या कानात घर करून आहे. तथापि तो पावसाच्या कितीतरी आठवडे आधीपासून, उन्हाळ्याच्या रात्रींतही ओरडत असतो. त्याच्या हाकेवर तिफण जुंपणारा फसेल. चातक मात्र मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. काळी पाठ, पांढरे पोट व डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी प्रथम दिसला ती तारीख वहीत अवश्य नोंदवावी. हे दोन्ही पक्षी स्वतः घरटे करीत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. बांधावर सातभाईंचा कलकलाट वाढला की त्याचे कारण कधीकधी हेच असते.

विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणीचे नर याच सुमारास पिवळे दिसू लागतात. घरटे विणतो तो नर; नाव मात्र सुगरणीचे झाले आहे. हिरवे, लवचीक गवताचे पाते मिळाल्याखेरीज त्याचे विणकाम नीट चालत नाही, म्हणून त्यालाही पावसाची वाट पाहावी लागते. पंख फुटलेल्या वाळव्या जमिनीतून उठतात त्या माती मऊ झाल्यावर, कारण नव्या जोडीला बीळ कोरावयाचे असते. एवढ्यावरून माती भिजली इतकेच कळते. ती भिजलेली राहील किंवा नाही हे कळत नाही.

नेमके येथेच शेतकऱ्याचे नुकसान होते. मावळात रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर भाताचे बी टाकतात. ते कोरड्या मातीत कोरडेच राहते आणि पावसाची वाट पाहू शकते. परंतु हलक्या सरीने बी एकदा अंकुरले की त्यास थांबता येत नाही. पुढे आठ-दहा दिवस ऊन पडले तर अंकुर करपतो आणि दुबार पेरणी कपाळी येते. २०२५ मध्ये मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईस पोहोचले, आणि नंतर त्यांची पुढील वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळली. लवकर आलेला पाऊस लवकर स्थिरावतोच असे नाही, हे त्या वर्षी सर्वांनी अनुभवले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. परसातील दोडका, भोपळा यांचे बी मृगाआधी टोकले तरी चालते, कारण तेथे चार तांबे पाणी घालता येते. चूक झाली तर मूठभर बी जाते. शेतात घालावयास तांब्या पुरत नाही.

पाऊस मोजणे मुलांस सहज जमते. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा झाडापासून दूर, मोकळ्या जागी घट्ट बसवावा. वेधशाळेप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून लिहावी आणि डबा रिकामा करावा. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूस आजही जुने लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ही माहिती या वेळी सांगितल्यास डब्याचे महत्त्व वाढते. डब्याबरोबर खुरप्याने वीतभर खड्डा खणून ओल कोठवर गेली तेही पाहावे. पुष्कळदा डब्यात २० मिलिमीटर पाणी आणि बोटभर खाली माती कोरडी, असा प्रकार आढळतो. वडील मंडळी अशा वेळी मुलांच्या वहीत डोकावतात.

जूनच्या मध्यास शाळा उघडल्यावर या वह्या एकत्र कराव्यात. फळ्यावर गावाचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक डब्याची बेरीज त्या त्या वस्तीवर लिहावी, आणि तिच्या शेजारी जवळच्या कावळ्याचे घरटे मध्यावर होते की शेंड्यावर, तेही मांडावे.