कुजणाऱ्या बॅटरीची वाट पाहू का?

प्रश्न : इन्व्हर्टरची बॅटरी कामातून गेली आहे. मातीत कुजणाऱ्या बॅटऱ्या येणार असं वाचलं. थांबू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबू नका, सोलापूरचा उन्हाळा थांबणार नाही. बातमी मात्र खरी आहे. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी जस्त आणि कायटोसानचा जेल वापरून रिचार्ज होणारी बॅटरी बनवली. कायटोसान मिळतं खेकडे-कोळंबीच्या कवचातून. हजार वेळा चार्ज करूनही ती टिकली. जेल सूक्ष्मजीव साधारण पाच महिन्यांत फस्त करतात. उरलेलं जस्त पुन्हा वापरता येतं. म्हणजे सगळीच्या सगळी कुजते असं नव्हेच! आणि तुमच्या इन्व्हर्टरला लावायला ती दुकानात मिळत नाही.

आपल्याकडे पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या साथीने 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. ती कुजत नाही, पण तिला शिसं किंवा लिथियम लागत नाही.

खरी काळजी तुमच्या जुन्या बॅटरीची. भंगारात दिली, तर अनेकदा ॲसिड गटारात ओततात आणि शिसं तेवढं काढून घेतात. नवी घेताना जुनी दुकानातच द्या. तिचे पैसे वळते होतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. पावती मात्र मागून घ्या.