जुन्या गावात नवे बिऱ्हाड

अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेली आगगाडी हॉर्न शहर मागे टाकून पूर्वेकडे धावते आणि सुमारे एका तासाने पाण्याच्या काठाशी येऊन थांबते. पुढे लोहमार्गच नाही. हे एन्कहाउझेन. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच बंदर दिसते, शिडांच्या नावा दिसतात आणि बंदराच्या मुखाशी सोळाव्या शतकात उभारलेला द्रोमेदारिस नावाचा भक्कम बुरूज नजरेत भरतो. नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतातील या गावाची वस्ती आज वीस हजारांच्या आसपास आहे.

सतराव्या शतकात मात्र या गावाचा थाट काही वेगळाच होता. हेरिंग माशांच्या व्यापाराने येथे संपत्ती खेळत होती. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक या गावास मिळाली. यान हौखेन व्हान लिन्स्कोटेन हा याच गावचा रहिवासी. तो १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत होता. १५९२ मध्ये तो एन्कहाउझेनला परतला आणि त्याने पाहिलेल्या मुलुखांचा वृत्तांत १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने जमवलेल्या माहितीचा डच खलाशांना पूर्वेची वाट शोधताना मोठा उपयोग झाला. गोव्याचे ऊन अनुभवलेला हा प्रवासी १६११ मध्ये आपल्या या थंड, ओलसर गावातच निवर्तला.

पुढे काळ फिरला. व्यापार अ‍ॅमस्टरडॅमकडे वळला, मासेमारी खालावली आणि लोक गाव सोडून जाऊ लागले. ओस पडलेली घरे पाडण्यात आली. तटाच्या आतच शेते पिकू लागली, गुरे चरू लागली. जी घरे उरली, ती पाडून त्यांच्या जागी नवी बांधण्याइतका पैसा कोणापाशी नव्हता. गावाला आलेल्या दारिद्र्यानेच एका अर्थी ही घरे वाचवली. राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदलेल्या तीनशेहून अधिक वास्तू आज या एवढ्याशा गावात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत माणसे राहतात, मुले वाढतात, खिडकीत मांजरे बसतात.

ज्या गावात एके काळी माणसांवाचून घरे पाडावी लागली, त्याच गावात आज घरांवाचून माणसे खोळंबली आहेत. या परिसरात भाजीपाल्याच्या बियाण्यांचे संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. त्यांत काम करण्यासाठी निरनिराळ्या देशांतून तज्ज्ञ येतात. गावातच वाढलेल्या तरुणांना आईबापांच्या घरातून निघून वेगळा संसार थाटायचा असतो. अ‍ॅमस्टरडॅमचे भाडे न परवडणारे लोकही रेल्वेच्या या शेवटच्या स्टेशनापर्यंत येऊन पोचतात. सबंध देशातच घरांची टंचाई आहे. २०२४ मध्ये ती सुमारे चार लक्ष घरांची असल्याचा अंदाज होता. शिवाय जुन्या गावाचे रूप कायद्याने राखलेले असल्यामुळे तेथे उंच इमारती उभारून प्रश्न सोडवता येत नाही.

भाड्याचे घर शोधणाऱ्याला तेथे दोन दरवाजे ठोठावता येतात. पहिला गृहसंस्थांचा. १९०१ मध्ये नेदरलँड्सने गृहनिर्माणाचा कायदा केला. घर कसे असावे याचे नियम करणे त्याने नगरपालिकांवर बंधनकारक केले आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या गृहसंस्थांना सरकारी अर्थसाहाय्याची वाट मोकळी केली. आज अशा संस्थांच्या मालकीची वीस लक्षांहून अधिक घरे त्या देशात आहेत. त्यांचे भाडे माफक असते. परंतु ती विशिष्ट उत्पन्नाच्या आतील लोकांसाठी असतात आणि त्यांकरिता नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ही प्रतीक्षा दहा वर्षांहूनही लांबते. काल आलेल्या माणसाला हा दरवाजा उघडा असूनही बंदच वाटतो.

दुसरा दरवाजा खाजगी घरमालकाचा. येथे पूर्वी बहुतांशी मालक म्हणेल ते भाडे असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने त्याला मोठाच आळा घातला. हा कायदा घराला चक्क गुण देतो, शाळेत उत्तरपत्रिकेला द्यावेत तसे! खोलीच्या दर चौरस मीटरला एक गुण. अडगळीच्या जागेला पाऊण. ऊब टिकवून धरणाऱ्या घराला अधिक गुण. स्वयंपाकाचा ओटा किती लांब, न्हाणीघरात काय सोय, अंगण आहे की नाही, घराची सरकारी किंमत किती, हे सारे मोजले जाते. बेरीज १४३ किंवा त्याहून कमी भरली, तर ते घर सर्वांत स्वस्त वर्गात पडते. १४४ ते १८६ गुणांचे घर मधल्या वर्गातले. त्याहून वरच्या घरालाच मालकाने हवे ते भाडे मागावे. कायदा सुरू झाला त्या दिवशी १४३ गुणांच्या घराचे कमाल भाडे महिना ८७९.६६ युरो आणि १८६ गुणांच्या घराचे १,१५७.९५ युरो होते. हे आकडे दरवर्षी बदलतात.

जुन्या वास्तूंसाठी मात्र एक सवलत ठेवलेली आहे. घर राष्ट्रीय स्मारक असेल, तर नव्या करारात गुणांप्रमाणे येणाऱ्या भाड्यावर ३५ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. कारण तीनशे वर्षांची तुळई आणि वीट सांभाळणे खर्चाचे काम आहे. भाडे गैरवाजवी आहे असे वाटल्यास भाडेकरू सरकारी भाडे-समितीकडे दाद मागू शकतो. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. मालकाच्या वतीने काम करणाऱ्या दलालाने भाडेकरूकडून दलाली घेणे हेही बेकायदा आहे.

हे सारे न्याय्य आहे यात शंका नाही. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाडे कमी झाल्यावर अनेक मालकांनी भाडेकरू निघून जाताच घर विकून टाकले. त्यामुळे भाड्याची घरे आणखी घटली. जो आत राहतो आहे, त्याला कायद्याने चांगले पांघरूण घातले. जो उंबऱ्याबाहेर उभा आहे, त्याची थंडी मात्र वाढली.

आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला थांबून चालत नाही. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक राहण्यासाठी येणाऱ्याने पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवावा, असा नियम आहे. या नोंदणीतून त्याला नागरिक-क्रमांक मिळतो. पगार, बँकेतील खाते, आरोग्यविमा या सर्वांचे धागे त्या क्रमांकाशी जोडलेले असतात. म्हणजे घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून पुढचे सगळेच अडते. या घाईचा फायदा घेणारे ठकही असतात. ते सुंदर घराची छायाचित्रे दाखवतात, आपण सध्या परदेशी आहोत असे सांगतात आणि किल्ली टपालाने पाठवू म्हणून आधी पैसे मागतात. जाणती माणसे घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक युरोही देत नाहीत. ‘राहा, पण येथे नाव नोंदवू नका’ असे म्हणणाऱ्या मालकापासूनही ती चार हात दूरच राहतात.

एवढ्या खटाटोपानंतर घर मिळते, आणि दार उघडताच नवागत चकित होतो. आत काहीच नसते. खाटा-खुर्च्या नसतात हे समजण्यासारखे आहे. पण पडदे नसतात, दिवे नसतात, एवढेच काय, पायाखाली धड जमीनही नसते. नुसते ओबडधोबड सिमेंट किंवा फळ्या! डच भाषेत अशा घराला उघडेबोडके घर असेच म्हणतात. जाणारा भाडेकरू आपण घातलेली जमीन उचलून नेतो किंवा नव्याशी सौदा करून ती त्याला विकतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी घर उघडे आहे, पडदे-जमिनीसह आहे की सामानसुमानासह आहे, हे विचारून घेणे अगत्याचे असते. घर ताब्यात घेताना भिंतीवरच्या प्रत्येक भेगेची आणि डागाची लेखी नोंद करतात. ती दोघांच्याही हिताची असते. घर सोडताना अनामतीचा हिशेब तिच्याच आधारे होतो.

जुन्या घराच्या आणखी काही खोडी आहेत. ते अरुंद आणि खोल असते. जिना तर इतका उभा की, तो चढताना हातही टेकावे लागतात. त्या जिन्यावरून कपाट वर नेणे अशक्यच. त्यासाठी अनेक घरांच्या माथ्यावर, त्रिकोणी दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईला एक आकडा असतो. पूर्वी त्याला कप्पी लावून मालाची पोती माळ्यावर चढवीत. आज त्याच दोरावरून पलंग आणि पुस्तकांच्या पेट्या खिडकीतून आत येतात. पाहणारे रस्त्यावर माना वर करून उभे राहतात.

स्मारक असलेल्या घरात परवानगीवाचून फेरबदल करता येत नाहीत. जुनी तावदाने काढून दुहेरी काच बसवायची झाली, तरी नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. तोवर हिवाळ्यात खिडकीतून गारवा येतच राहतो आणि इंधनाचे बिल वाढत जाते. असे असूनही या घरांना मागणी आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेली एक संस्था हेन्ड्रिक द केयझर या शिल्पकार-वास्तुविशारदाचे नाव लावते. ती देशभरातील अशा मोलाच्या वास्तू विकत घेते, त्यांची काळजीपूर्वक दुरुस्ती करते आणि मग त्यांना कुलूप न लावता भाड्याने देते. भाड्याचा पैसा पुन्हा वास्तूंच्याच देखभालीला लागतो. चारशेहून अधिक वास्तू तिच्यापाशी आहेत. त्यांतले एखादे घर रिकामे झाले की, आकड्याला पुन्हा दोर बांधला जातो, जुने सामान खाली उतरते; आणि नवे सामान चढण्यापूर्वी संस्थेचा माणूस येऊन तुळया ठोकून पाहतो.