संगणक-जाळ्याचा राखणदार

ग्रामपंचायतीत दाखला निघत नाही, तेव्हा दोष बहुधा संगणकाचा नसतो. 2011 साली मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या योजनेतून गावोगाव काचतंतूची केबल पोहोचू लागली. ती टाकणे हे एक काम, अखंड राखणे हे दुसरे. संगणक-जाळ्याच्या व्यवस्थापकाचे दिवस या दुसऱ्या कामातच अधिक जातात.

नळयोजनेचा चर खणताना केबल तुटते. व्यवस्थापक तंतूत प्रकाशाचा क्षणिक झोत सोडतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणून झोत परतण्यास सेकंदाचा दहाहजारावा भाग लागला, तर तूट 10 किलोमीटरवर आहे असे समजावे. पुढचे काम मात्र सावकाशीचे: केसाएवढे तंतू वितळवून एकेक जोडायचे, तेही बहुधा चिखलात बसून. कित्येकदा तूट नसतेच. पंचायतीतील यंत्राचे बटण कोणीतरी बंद केलेले असते!

अनुभवांच्या देवघेवीसाठी दक्षिण आशियातील असे व्यवस्थापक 2003 सालापासून ‘सॅनोग’च्या परिषदांत एकत्र येऊ लागले. गावातील खोदकामाची वार्ता तेथे कशी कळावी? त्यासाठी केंद्र शासनाने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. ठेकेदाराने त्यावर सूचना दिली आहे काय, हे चर खणण्यापूर्वी ग्रामपंचायतीने विचारावे.