उपवास आणि मजुरी



राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सामध्ये यशयाचा ५८ वा अध्याय वाचला जातो. लोकांची तक्रार आहे, आम्ही उपास केला तरी देव पाहत नाही. उपासाच्या दिवशीच तुम्ही कामकऱ्यांना पिळता, असे संदेष्टा त्यांना सुनावतो. अडवलेल्या मजुरीची ओरड देवाच्या कानी जाते, असे संत याकोबही लिहितो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात याकोबाचाच आधार घेतला. पण ते आणखी पुढे गेले. मजूर 'हो' म्हणाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. नाइलाजाने दिलेला होकार म्हणजे त्याच्यावर झालेली जबरदस्तीच. (सेमिनरीत 'संमती' या शब्दावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. भांडी घासणारी बाई तो एका वाक्यात मिटवील: "नाही म्हटलं तर काम जाईल, फादर.")

शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो, ते चांगलेच. पण घरकामाच्या बाईचे आजारपणातले खाडे कापले का? वाडीतल्या मजुराचा हिशेब "सणानंतर बघू" म्हणून राहिला आहे का? असेल तर कुमसाराला येण्यापूर्वी तो चुकता करून या. शनिवारी संध्याकाळी थोडा उशीर झाला तरी मी थांबेन.

तुमचा धर्मगुरू