घरी ट्रेडमिल घेताय? आधी तिचे अंतरंग ओळखा

पावसाळा लागला की सकाळी फिरायला जाणाऱ्यांची पंचाईत होते. रस्त्यावर चिखल, त्यात मोकाट कुत्री आणि भरधाव मोटारसायकली. मग मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण दवाखान्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, घरीच ट्रेडमिल घेतली तर चालेल का?" माझे उत्तर असते, जरूर घ्या, पण दुकानात चमकणारा पडदा पाहून घेऊ नका. त्या पडद्याच्या खाली, झाकणाआड जे आहे त्यावर ते यंत्र दहा वर्षे चालणार की दहा महिन्यांत त्यावर कपडे वाळत पडणार, हे ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपले गुडघे, आपले हृदय आणि घरातली लहान मुले यांची सुरक्षितताही त्यावरच अवलंबून असते. म्हणून आज या यंत्राच्या एकेका भागाची माहिती करून घेऊ.

मोटर : आकड्यांचा खेळ

ट्रेडमिलचे हृदय म्हणजे तिची मोटर. तिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगतात, आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच. मोटरला दोन आकडे असतात. एक, ती न थकता सतत देऊ शकते ती ताकद. दुसरा, क्षणभरच देऊ शकते ती कमाल ताकद. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो बहुधा दुसरा. आपल्याला हवा पहिला.

यासाठी एक सोपा हिशेब सांगतो. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या ६ अँपिअरच्या लहान प्लगमधून २३० व्होल्टला सतत मिळू शकते ती वीज ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. याचा अर्थ, लहान प्लगवर चालणारी मोटर सतत २ हॉर्सपॉवरही देऊ शकत नाही, मग तिच्यावर ४ लिहिलेले असो की ५. नुसते चालण्यासाठी सतत दीड ते दोन हॉर्सपॉवर पुरते. घरात कोणी पळणार असेल तर अडीच ते तीन हवी, आणि त्या यंत्राला १६ अँपिअरचा मोठा प्लग व चांगले अर्थिंग लागते.

"मी तर हळूच चालणार, मला मोठी मोटर कशाला?" असे पुष्कळ जण म्हणतात. यंत्राला मात्र हळू चालणारा जड माणूसच जास्त त्रासदायक. वेग कमी असला की मोटरच्या दांड्यावरचा पंखाही हळू फिरतो, वजन मात्र तेवढेच ओढावे लागते. त्यामुळे मोटर तापते. वजन ९० किलोच्या पुढे असेल तर मोटरमध्ये काटकसर करू नये.

पट्टा, फळी आणि रोलर

आपण चालतो तो पट्टा एका गुळगुळीत फळीवरून सरकत असतो. पुढे-मागे दोन रोलर त्याला ताणून धरतात. पाहायची ती पट्ट्याची चालण्याजोगी लांबी, सगळ्या यंत्राची नव्हे. चालण्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांबी व ४० ते ४५ सेंटिमीटर रुंदी असावी. पळणाऱ्याला, किंवा पावणेसहा फुटांच्या वर उंची असलेल्याला, १३० ते १४० सेंटिमीटर लांबी बरी. पट्टा आखूड असला की माणूस नकळत पाऊल आखडते घेतो, पुढच्या दांडीला चिकटून चालतो आणि मग कंबर धरते.

फळीच्या खाली रबराचे दट्टे असतात. पाऊल आदळते तेव्हाचा हादरा ते थोडाफार झेलतात. गुडघेदुखी असलेल्यांनी दुकानात मुद्दाम पाय जरा जोराने टाकून पाहावा. पाट्यावर चालल्यासारखे कडक वाटले तर ते यंत्र सोडून द्यावे, आणि फळी खचून पाऊल डगमगले तरीही सोडून द्यावे. रोलर जितके जाड तितका पट्ट्यावरचा ताण कमी.

पट्टा आणि फळी यांच्यामध्ये सिलिकॉनचे तेल लागते. फळी कोरडी पडली की घर्षण वाढते, मोटर जास्त वीज ओढते आणि शेवटी तिचे सर्किट जळते. प्लग काढून पट्ट्याखाली बोटे घालून पाहावीत. बुळबुळीत लागले तर ठीक. साधारण दोन-तीन महिन्यांनी, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तसे, हे तेल सोडावे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल कधीही घालू नये.

चढाची सोय

काही यंत्रांत पुढची बाजू वर उचलता येते. १० टक्के चढ म्हणजे १०० फूट चाललो तर १० फूट वर चढलो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. इस्पितळात हृदयाची जी ट्रेडमिल चाचणी करतात, तिची सर्वांत प्रचलित पद्धत अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. तिच्या पहिल्याच टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असतो. त्यानंतर दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढवतात. तेथे छातीवर तारा लावलेल्या असतात आणि डॉक्टर शेजारी उभा असतो. घरी कोणी नसते. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि सुरुवातीचे काही आठवडे सपाटीवरच चालावे. गुडघे झिजलेल्यांना तर चढाचे बटण नसले तरी काही बिघडत नाही.

लाल चावी : सर्वांत स्वस्त, सर्वांत मोलाची

प्रत्येक चांगल्या ट्रेडमिलला दोरी लावलेली एक लहान चावी असते. दोरीचा चिमटा सदऱ्याला किंवा पदराला अडकवायचा. तोल जाऊन माणूस मागे गेला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. पुष्कळ घरांत ही चावी यंत्रावरच लटकत राहते, चिमटा कोणी लावत नाही. कृपा करून लावा. चालणे संपले की चावी काढून कपाटात ठेवा आणि प्लगही काढा.

हे इतके ठासून सांगतो, कारण फिरत्या पट्ट्याला हात लागून तळहात भाजलेली लहान मुले मी पाहिली आहेत. घर्षणाची ही जखम खोल जाते आणि बोटे आखडू शकतात. २०२१ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीला, एक मूल दगावल्यानंतर, आपल्या ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या होत्या. लहान मूल घरात असेल तर यंत्र दार लावता येईल अशा खोलीतच ठेवावे. मागे निदान सहा फूट जागा मोकळी हवी. मागे भिंत असली तर पडलेला माणूस पट्टा आणि भिंत यांत अडकतो. साडी किंवा ओढणी खोचून घ्यावी.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. वीज जाताच पट्टा थांबतो, म्हणून बाजूच्या दांड्या हाताच्या टप्प्यात असाव्यात. मात्र त्यांच्यावर भार टाकून चालू नये. तसे केल्याने श्रम निम्मे दांडीवर जातात आणि व्यायाम नावापुरता उरतो.

पडद्यावरचे आकडे

किती कॅलरी जळाल्या हा आकडा अंदाजाचा असतो. मूठ धरून मिळणारे नाडीचे ठोकेही चालताना पुष्कळदा चुकतात. त्यापेक्षा साधी खूण ध्यानात ठेवा : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. इतक्या वेगाने आठवड्यात एकूण १५० मिनिटे चालणे प्रौढांसाठी पुरेसे मानले जाते. छातीत दडपण, अवाजवी दम, घेरी किंवा डाव्या हाताला कळ आली तर तत्काळ थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, चालून झाल्यावर तळपाय पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

दुकानात जाताना

बूट घालून जा आणि घरात जो सर्वांत वजनदार असेल त्याला बरोबर न्या. ताशी ३ किलोमीटर वेगाने दहा मिनिटे चालून पाहा. टाच टेकताच पट्टा क्षणभर अडखळला, तर मोटर कमी पडते आहे किंवा पट्टा सैल आहे. यंत्राची वजनमर्यादा आपल्या वजनापेक्षा १५-२० किलो जास्त असावी. सर्वांत कमी वेग किती ते विचारा. म्हाताऱ्या माणसांसाठी तो ताशी १ किलोमीटर किंवा त्याहून कमी हवा. आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येणार का, हे बिलावर लिहून घ्या. गाणी, रंगीत दिवे आणि छत्तीस कार्यक्रम यांसाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

आणि शेवटी, तीस-चाळीस हजार खर्चायची ऐपत नसेल तर मुळीच खंत करू नये. उघडीप मिळाली की शाळेच्या मैदानावर अर्धा तास झपझप चालणे हृदयाला तितकेच मानवते. त्याला मोटर लागत नाही आणि वीजही जात नाही.