बुरशी ओळखणाऱ्याला काम कुठे मिळतं?

निफाड तालुक्यात नीटचे गुण कमी पडले की बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र म्हणजे नाइलाज, असा समज पक्का आहे. मला तो पटत नाही. बुरशी ओळखता येणाऱ्याला या पट्ट्यात तरी काम आहे. अट एवढीच, की त्याने एका यंत्रापुरतं शिकून थांबू नये. उदाहरणच घ्या: लासलगावच्या खळ्यांवर कांदा निवडताना सालींवरून काळी पूड उडते. ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीचे बीजाणू. असे बीजाणू श्वासातून गेले की काहींना ॲलर्जी होते, दमाही बळावतो. मग हवेत ते किती, हे मोजायचं कसं? इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी 1952 साली मांडलेला सापळा मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो. आतली चिकट पट्टी तासाला 2 मिलिमीटर सरकते, त्यामुळे कोणत्या तासाला काय उडालं तेही वाचता येतं. औरंगाबादला एस. टी. टिळकांनीही असा सापळा बनवला होता. अल्टरनेरियाचा गदेसारखा, आडव्या-उभ्या पडद्यांचा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बारीक गोल बीजाणू मात्र वेगळे काढता येत नाहीत. ते पेट्री डिशमध्ये वाढवावे लागतात. पण वाढतात जिवंत तेवढेच, आणि ॲलर्जी मेलेल्या बीजाणूंनीही होते. म्हणून एलायझा या चाचणीने ॲलर्जी आणणारं प्रथिन मोजतात. पीसीआर ही डीएनएवरची चाचणी बुरशीची जात सांगते, प्रथिन किती ते नाही. कुठली पद्धत कुठे वापरायची, हे ज्याला कळतं त्यालाच किंमत आहे.

पालक विचारतील, नोकरी कुठे? ‘हवेतली बुरशी मोजणारा पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच येते, हे खरंच. पण इंजेक्शनं बनवणाऱ्या औषध कारखान्यांत निर्जंतुक विभागाची हवा सतत तपासावीच लागते. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना आणि द्राक्षावरच्या भुरी-डाऊनीचं निदान करणाऱ्यांना हेच कौशल्य लागतं. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात गव्हाच्या तांबेऱ्यावर काम चालतं, तो बुरशीचाच रोग. उद्या यंत्रच बीजाणू मोजेल, हा आक्षेप अर्धा खरा. तशी यंत्रं आली आहेत, पण त्यांना शिकवायला जाणकाराने ओळखलेले बीजाणूच लागतात. घरी लवकर पगार हवा असेल तर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करावं, त्यात कमीपणा नाही. मात्र संशोधनाकडे जायचं तर बीएस्सी-एमएस्सीची वाट धरावी. मुलाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा बघून या: मुलं स्लाइड स्वतः बनवतात, की वर्षानुवर्षं तयार स्लाइडच बघतात, ते विचारा.